चार दिवस सुट्टी, सोबत आई: जळगावहून कोणतं शहर?

केळीचे_वेफर्स

मंडळी, मदत हवी आहे.

डिसेंबरात चार दिवस कसेबसे जमवलेत. गुरुवारी रात्री जळगावहून निघायचं, सोमवारी रात्री घरी. माणसं चार: मी, धाकटी बहीण, तिचा चौदा वर्षांचा मुलगा आणि आई. आई ७१ वर्षांची. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. भाच्याची प्रत्येक वही मागच्या पानापासून भरत येते, चित्रांनी. पुढून गणित, मागून हत्ती, मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडते.

देवदर्शन नको. हे मी नाही, आई म्हणते. "देव घरात आहे, मला दुसरं काहीतरी दाखवा." थंड हवेचं ठिकाणही नको. एखादं जुनं, भरलेलं शहर हवं. संग्रहालय, जुनी घरं, चित्रं, कारागिरी, आणि संध्याकाळी चांगलं खायला. बॅग एकदाच उघडायची, रोज नवं हॉटेल झेपणार नाही.

मनात इंदूर, बडोदा, अहमदाबाद, भोपाळ, ग्वाल्हेर, हैदराबाद अशी नावं आहेत. सहा नावं म्हणजे काहीच ठरलेलं नाही, हे मलाही कळतं.

भुसावळकर_फलाट५

ताई, आधी नकाशा बाजूला ठेवा आणि रेल्वेचा फाटा बघा. आपल्याकडून दोन वाटा सरळ आहेत. एक सुरतेची: अमळनेर, नंदुरबार, उधना. जळगाव ते सुरत साधारण ३०० किलोमीटर. बडोदा आणि अहमदाबाद याच वाटेवर पुढे, नवजीवन एक्स्प्रेस थेट अहमदाबादला जाते. दुसरी वाट खंडवा-इटारसीची. भुसावळ ते भोपाळ साधारण ४०० किलोमीटर, पंजाब मेल मध्यरात्रीनंतर घ्यायची आणि सकाळी उतरायचं. ग्वाल्हेर त्याच गाडीने अजून पुढे.

हैदराबाद चार दिवसांत नको. जायला-यायला जो वेळ जाईल त्यात आईंचा गुडघा बोलायला लागेल.

आणि परतीचं तिकीट आधी काढा. जाताना माणूस कसाही जातो. येताना रात्री दोनला वेटिंगवर उभं राहिल्यावर सगळी संस्कृती उतरते.

धुळेकर_दादा

इंदूर! शिरपूर-सेंधवा करत गाडीने सरळ. राजवाडा, लालबाग पॅलेस, रात्री सराफा. सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचा बाजार भरतो. दुसऱ्या दिवशी महेश्वर: अहिल्यादेवींचा घाट, हातमागावर विणली जाणारी महेश्वरी. तिसऱ्या दिवशी मांडू. जहाज महाल, होशंगशहाची संगमरवरी कबर आणि ती गोरखचिंचेची राक्षसी झाडं. आम्ही चारदा गेलोय.

खापरावरची_पोळी

दादा, त्या म्हणताहेत बॅग एकदाच उघडायची, आणि तुम्ही तीन गावं दिलीत. महेश्वरच्या घाटाच्या पायऱ्या मोजल्यात का कधी? मी मोजल्या, सासूबाईंना घेऊन उतरताना. वर येताना मोजायचं भान नव्हतं.

महेश्वर अप्रतिम आहे, वाद नाही. पण ती गाडीतली सहल झाली. शहर नव्हे.

धुळेकर_दादा

बरं बाई. आईंना घाटावर वरच बसवायचं, नर्मदा तिथूनही दिसते.

कारेलीबागची_सून

माहेर चोपडा, सासर बडोदा, तेव्हा पक्षपात गृहीत धरा.

बडोद्याला जा. सयाजीराव महाराज मुळात कवळाण्याचे, आपल्या मालेगावच्या शेजारचे. शेतकऱ्याघरचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक गेला आणि १९३९ पर्यंत त्या माणसाने एक शहर घडवलं. लक्ष्मीविलास पॅलेस सगळे बघतात, बघाच. पण आवारातल्या फतेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. ज्या लक्ष्मी-सरस्वती आपण आजीच्या कॅलेंडरवर पाहत आलो त्यांच्या चित्रकाराचा कुंचला तिथे हातभर अंतरावरून दिसतो. कॅलेंडरात जे गुळगुळीत वाटायचं ते तसं नाही. काठपदराची जर काढताना त्याने रंगाचे बारीक ठिपके नुसते उमटवून सोडलेत. लांबून जर, जवळून ठिपके. तुमच्या भाच्याला तिथून ओढून बाहेर काढावं लागेल.

मग कीर्तिमंदिर, देऊळ नव्हे, गायकवाड घराण्याचं स्मारक. नंदलाल बोस यांनी भिंतींवर गंगावतरण आणि मीरेचं आयुष्य रंगवलंय. गर्दी नसते. आणि तांबेकर वाडा, एकोणिसाव्या शतकातला, लाकडी, आतून चित्रांनी भरलेला. मराठी वाड्यात शिरल्यासारखं वाटतं आणि बाहेर आलं की गुजरातीत रिक्षा.

खाण्याचं म्हणाल तर शेव-उसळ. आपल्या शेवभाजीची चुलत बहीण, पण सौम्य स्वभावाची.

कळण्याची_भाकरी

चुलत बहीण कसली, लांबची ओळख म्हणा. तर्री नाही तिला.

कारेलीबागची_सून

तर्री मागितली तर वरून देतात. तिखट लागत नाही हे मान्य. माहेरहून मसाला नेते मी.

पोळ_आणि_ओटले

नोकरीनिमित्त सहा वर्षं अहमदाबादेत होतो, मूळ पारोळा. जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, पण त्याचा दिमाख तिथे राहणाऱ्यांना नाही, हेच मला आवडलं. सकाळी काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत हेरिटेज वॉक असतो. पोळ म्हणजे एक दरवाजा, आत चिंचोळी गल्ली, घराला घर चिकटलेलं, मध्ये पक्ष्यांना दाणे टाकायचा नक्षीदार चबुतरा. सिदी सय्यदची जाळी १५७३ ची. दगडात एक झाड कोरलंय आणि त्याच्या फांद्या एकमेकींत अशा अडकल्यात की डोळ्याने एक फांदी धरून शेंड्यापर्यंत जाऊन दाखवा. मला सहा वर्षांत एकदाही जमलं नाही.

कॅलिको वस्त्रसंग्रहालय बघायचं तर आधी नोंदणी लागते, दारात जाऊन उपयोग नाही.

पण खरं सांगू का, आईंना तो वॉक झेपणार नाही. चालणं फार, बसायला जागा कमी, आणि स्कूटर अंगावर येतात. अडालजची विहीर पायऱ्यांचीच आहे. माझी आई आली होती तेव्हा वरच्या कट्ट्यावर बसून राहिली आणि म्हणाली, विहीर छान आहे, मला तिचं तोंड दिसलं.

केळीचे_वेफर्स

हा प्रतिसाद वाचून आईला दाखवला. खूप हसली. म्हणाली, मलाही तोंडच दाखवाल.

रविवर्म्याचं वाचून भाच्याने बडोद्याला मत दिलंय. बहीण इंदूर म्हणते, पण ती सराफ्यासाठी.

अहिराणी_भो

ताई, बठ्ठा आपापलं गाव इकी ऱ्हायनात. तुमले काय दखनं शे ते पहिले ठरावा, मंग गाव. चार दिनमा एकच गोट नीट दखाई जास.

धडगावचा_मास्तर

वरच्या भोंनी बरोबर सांगितलं. भाचा चित्रं काढतो ना? मग भोपाळ.

कारण सांगतो. मी धडगाव तालुक्यात शिकवतो. माझ्या वर्गातली पोरं भिंतीवर घोडे काढतात, त्यांना कुणी शिकवलेलं नाही. सातपुड्याच्या पलीकडे, झाबुआ-अलीराजपूरकडे भिल्ल, भिलाला, राठवा घरांत पिठोरा लिहितात. चित्र काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. नवस फेडायचा म्हणून आतल्या भिंतीवर घोड्यांची रांग लिहून घ्यायची. ही चित्रं आपल्या शेजारची आहेत, आणि ती मान ठेवून मांडलेली बघायची तर भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात. तिथली बरीच मांडणी त्या त्या समाजाच्या कलाकारांनी स्वतःच्या हातांनी केली आहे. पूर्ण मापाची घरं आहेत आत, वाकून शिरायचं. मुलांच्या खेळांचं वेगळं दालन आहे. आमच्या सहलीतली पोरं तिथे हरवली होती, शोधायला गेलेला शिपाईही हरवला.

आणि भारत भवन. १९८२ मध्ये उघडलं, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची इमारत, मोठ्या तलावाच्या उतारावर. ती बांधली जात होती तेव्हा भूरीबाई नावाची एक भिल्ल बाई तिथे मजुरी करत होती. चित्रकार स्वामीनाथन यांनी तिला विचारलं, तुमच्या गावात जे काढता ते कागदावर काढशील का? तिने काढलं. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पोरं दरवर्षी एकच विचारतात: मग तिची मजुरी कापली का, त्या दिवसाची?

तिसरं मानव संग्रहालय. डोंगरावर उघड्यावर देशभरातली खरी घरं उभी केली आहेत. ही तिन्ही ठिकाणं श्यामला हिल्सवरच, रिक्षाने काही मिनिटांच्या अंतरात. आईंसाठी हे महत्त्वाचं.

भुसावळकर_फलाट५

मास्तर, सगळं बरोबर, पण ताईंचा चौथा दिवस सोमवार आहे. ही तिन्ही सोमवारी बंद. बहुतेक संग्रहालयांचा सोमवारच असतो. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी, हैदराबादचं सालारजंग शुक्रवारी. आपला माणूस रविवारला जोडून सोमवार घेतो आणि नेमका कुलपासमोर फोटो काढून येतो.

बुधवारी रात्री निघा, रविवारी परत या.

केळीचे_वेफर्स

अरे देवा. मी चार महिने आधी सोमवारची रजा टाकून बसले होते. उद्या साहेबांकडे जाऊन बदलून घेते.

खापरावरची_पोळी

भारत भवनाबद्दल एक. तिथे आपण वरून शिरतो आणि गच्च्या-अंगणं करत खाली उतरत जातो. उतरताना मजा येते, चढताना कळतं. आईंना पहिल्या-दुसऱ्या टप्प्यालाच तलाव बघत बसवा. मानव संग्रहालयातही चढ-उतार आहेत. जनजातीय संग्रहालय मात्र वयस्कर माणसांना त्यातल्या त्यात बरं. फक्त आत उजेड कमी, चष्मा न्या.

असीरचा_पायथा

एवढा वेळ गप्प होतो. आता राहवत नाही.

सहा नावं आली, गुजरात झालं, माळवा झाला. बऱ्हाणपूरचं नाव कुणी काढलं का? खानदेशची राजधानी होती ती! भुसावळहून लोकलचा पास काढावा इतक्या अंतरावर आहे. मधली रेघ इंग्रजांच्या काळातली, तापी दोन्हीकडे तीच वाहते. रावेर-सावद्याच्या अर्ध्या घरांच्या सोयरिकी तिकडे आहेत. आणि आपली माणसं बऱ्हाणपूरला उतरतात कशाला, तर मावा जिलेबी घ्यायला. फलाटावरून.

फारुकी सुलतानांनी वसवलेलं गाव. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला तेव्हा फारुकींचं राज्य संपलं आणि दख्खनची सगळी मोगलाई इथून हलायला लागली. मुमताज १६३१ मध्ये इथेच गेली, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तिला पुरलं होतं, सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहालाला लोक पृथ्वीच्या टोकाहून येतात, आणि ती जिथे गेली ते गाव आपल्याला जिलेबीमुळे माहीत.

जामा मशिदीत जा आणि आतल्या शिलालेखांत संस्कृत लेख शोधा. हो, मशिदीत, संस्कृत. राजा अली खान फारुकीने बांधली, त्यानेच कोरवून घेतला.

आणि कुंडी भंडारा. १६१५ चा, अब्दुल रहीम खानखानाच्या काळातला. दोहेवाला रहीम, तोच. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारं पाणी वाटेतच अडवलं, बोगद्यातून फक्त उताराच्या जोरावर शहराकडे आणलं. पंप नाही, मोट नाही. वर जमिनीवर ओळीने कुंड्या दिसतात, शंभराहून जास्त, खालून सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. लिफ्टने साधारण ८० फूट खाली उतरता येतं.

पोळ_आणि_ओटले

हे वाचून लाज वाटली. पारोळ्याचा असून मी अडालज दहादा पाहिली आणि कुंडी भंडारा एकदाही नाही.

धुळेकर_दादा

बऱ्हाणपूर चांगलं आहे हो, पण चार दिवस काय करणार? दीड दिवसात संपतं. संध्याकाळी सातनंतर यंत्रमागांची खटखट ऐकत बसायचं का?

असीरचा_पायथा

ऐका की. ती पण संस्कृतीच आहे.

निवांत_चाळीसगाव

अवांतर करतो, माफी. शेजारचं न पाहण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, किती जणांनी चाळीसगावचं केकी मूस यांचं घर पाहिलंय? जागतिक दर्जाचा छायाचित्रकार स्टेशनाजवळच्या एका बंगल्यात जवळजवळ स्वतःला कोंडून आयुष्यभर राहिला. टेबलावर कापूस, फांद्या, भुसा मांडून हिमाच्छादित डोंगराचा फोटो काढायचा. बघणाऱ्याला वाटावं स्वित्झर्लंड, आणि होतं चाळीसगाव. पंजाब मेलने कुणीतरी येणार म्हणून रोज वाट बघत असत असं आमच्याकडे सांगतात. खरं-खोटं मूस जाणोत.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयाचं तर बोलतच नाही. दादा, तुमच्या गल्लीपासून किती लांब आहे?

धुळेकर_दादा

दहा मिनिटं. शाळेत असताना नेलं होतं. पुढचा प्रश्न विचारू नका.

कळण्याची_भाकरी

मी हिशेब करून बघितला. बऱ्हाणपूर भोपाळच्याच वाटेवर आहे ना? मग भांडण कशाला? बुधवारी रात्री निघा. गुरुवार-शुक्रवार भोपाळ. शनिवारी दुपारची गाडी धरून बऱ्हाणपूरला उतरा, एक मुक्काम. रविवारी दिवसभर बघा, संध्याकाळी घरी. बॅग दोनदा उघडावी लागेल, पण दुसऱ्यांदा उघडाल तेव्हा घर दोन तासांवर असेल.

कारेलीबागची_सून

म्हणजे बडोदा गेलं. ठीक आहे. रविवर्मा थांबेल.

भुसावळकर_फलाट५

भाकरी, उत्तम. मी रेल्वेत ३१ वर्षं होतो आणि हे मला आधी सुचायला हवं होतं.

केळीचे_वेफर्स

ठरलं! रजा बदलली, तिकिटं काढली, परतीची आधी. सांची यात नाही, भीमबेटका नाही, आधीच सांगून ठेवते, रागावू नका.

धुळेकर_दादा

भोपाळला जाऊन सांची नाही?

केळीचे_वेफर्स

नाही दादा.

---

केळीचे_वेफर्स (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. जाऊन आलो.

भोपाळच्या हॉटेलने फोनवर "लिफ्ट आहे" सांगितलं होतं. होती. बंद होती. खोली तिसऱ्या मजल्यावर. तासभर वाद घालून तळमजल्यावरची भांड्यांच्या आवाजाची खोली मिळाली, स्वयंपाकघराला लागून. आईला ती आवडली, पहाटे चहाचा वास येतो म्हणून. आणि चहा मिठाचा! तिकडे सुलेमानी म्हणतात. आईने एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पोह्यांबरोबर सगळा संपवला. दुसऱ्या दिवशी स्वतः मागितला.

जनजातीय संग्रहालयात अडीच तास धरले होते, साडेपाच लागले. मास्तर, भाचा पिठोऱ्यासमोर जमिनीवर बसला तो उठेच ना. आधी घोडे काढत होता, मग घोडे सोडून फक्त त्यांचे पाय काढायला लागला. म्हणे, "मावशी, सगळे घोडे पळताहेत पण एकाचाही पाय जमिनीला लागलेला नाही." मी परत जाऊन पाहिलं. मी ज्या घोड्यांसमोर उभी होते त्यांचं तरी खरं होतं.

मानव संग्रहालयात मात्र आईचा दिवस होता. मला वाटलं होतं ती बाकावर बसेल. ती काठी टेकत एका मातीच्या घरात शिरली आणि बाहेरच येईना. आत जाऊन बघते तर चुलीसमोर उभी. "आमच्या मायच्या घरी अशीच राहे. फक्त ह्या बाईनं वैलाचं तोंड उलटं ठेवलंय." मग तिथल्या राखणदाराला विचारलं, इथे कोण राहतं? तो म्हणाला, कुणी नाही, हे दाखवायचं घर आहे. आई म्हणाली, मग सारवलं कुणी? त्याने सांगितलं की त्या त्या गावची माणसं येऊन घरं उभी करतात, डागडुजीही होते. पंधरा मिनिटं दोघं शेण आणि मातीच्या प्रमाणावर बोलत होते. त्याची हिंदी, हिची आमची बोली, अडलं कुठेच नाही.

भारत भवनात खापरावरची ताई म्हणाल्या तसंच केलं. आई पहिल्या टप्प्यावर, तलावाकडे तोंड करून. आम्ही खाली जाऊन दमून वर आलो, तोवर तिने शेजारच्या बाईकडून भोपाळी वांग्याची पाककृती घेतली होती. (वांगं आपल्या भरिताच्या पासंगाला पुरणार नाही, हे त्या बाईंना सांगूनही आली.)

आता बऱ्हाणपूर. असीरभाऊ, शाही किल्ल्यातला हमाम बघितला. बाहेरून पडका, आत छतावर रंगीत वेलबुट्टी, मान मोडेपर्यंत. भाच्याने सरळ पाठ टेकली फरशीवर आणि झोपून काढायला लागला. वाटाड्या सांगत होता की त्यातलं एक चित्र बघूनच ताजमहाल सुचला. वाटाड्याच तो. पण तापी किल्ल्याला घासून वाहते आणि पलीकडच्या काठावर त्याने बोट दाखवलं, आहुखाना तिकडे, म्हणाला. आई बराच वेळ तिकडे बघत होती. "चौदा?" एवढंच म्हणाली.

संस्कृत लेख सापडला. वाचता आला नाही, अक्षरं ओळखू आली.

कुंडी भंडाऱ्यात आई वरच थांबली. आम्ही तिघं पिंजऱ्यासारख्या लिफ्टने खाली. वर ऊन, खाली गारवा आणि पाण्याचा आवाज. भिंतींवर चुन्यासारखे पांढरे थर चढलेत, हात लावला की खरखरीत. वर पाहिलं तर कुंडीच्या तोंडाचा गोल उजेड, आणि त्या गोलात कुणाचं तरी डोकं. आई. वरून ओरडून विचारत होती, "पाणी आहे का रे?"

भाच्याने तेच चित्र काढलंय. गोल, आणि मध्ये आजीचं डोकं.

पोळ_आणि_ओटले

म्हणजे या खेपेला विहिरीलाच तोंड दिसलं.

अहिराणी_भो

जिलेबी आनी का नही?

केळीचे_वेफर्स

दोन किलो. रावेर येईपर्यंत एक.

कारेलीबागची_सून

मार्चमध्ये रविवर्मा. बुधवारीच निघा.